त्यांच्यासाठी काय वाजवू?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे व्हायोलिनचे शिक्षक गेले, हे तुझ्या पत्रात वाचून गलबलून आलं. आपल्या व्हायोलिनवाल्यांमध्ये त्यांच्याइतका धीराने शिकवणारा माणूस मी पाहिला नाही. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात काय वाजवू आणि घरच्यांना काय लिहू, असं तू विचारलंस.

आधी घरच्यांचं. ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ वगैरे लिहू नकोस, तसली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने आली असतील. तुझ्या शिक्षकांनी तुला काय दिलं ते नेमकं लिही. ‘डी’ तारेवर तिसरं बोट ठेवून ‘जी’ हा सूर वाजवला आणि तो खरा लागला, की शेजारची मोकळी, म्हणजे बोट न ठेवलेली, ‘जी’ तार आपसूक घुमू लागते. ती घुमेपर्यंत बोट केसभर मागेपुढे करायला त्यांनी तुला लावलं, कंटाळा येईस्तोवर लावलं. हे लिही. घरच्यांना व्हायोलिनमधलं कळत नसलं तरी आपला माणूस कसा होता ते त्यातून कळेल.

आता वाजवण्याचं. अवघड काही निवडू नकोस. गळा दाटून आला की गज थरथरतो, आणि सगळ्यात जास्त थरथरतो तो हळू, लांब, हलक्या सुरावर. म्हणून हातात मुरलेलंच वाजव. लांब सूर एका गजात ओढण्याचा हट्ट नको, दोन गजांत वाटून घे. सुरुवातीआधी श्वास पूर्ण सोड.

ऑस्ट्रियन संगीतकार आल्बान बर्गचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्या व्हायोलिनने वाजवायची रचना, ऐकला आहेस का? 1935 मध्ये मानोन ग्रोपियस ही ओळखीतली मुलगी अवघ्या 18 व्या वर्षी पोलिओने गेली आणि बर्गने तो तिच्या स्मृतीला वाहिला. त्याच वर्षी डिसेंबरात तो स्वतःही गेला. 1936 मध्ये बार्सिलोनात तो पहिल्यांदा वाजला, तेव्हा ऐकायला बर्ग नव्हता. रचना महाकठीण आहे, पण व्हायोलिन प्रवेश करतं ते जी, डी, ए, ई या चार मोकळ्या तारांवरून. पहिल्या दिवशी आपण सगळे वाजवतो त्याच! एवढ्या मोठ्या दुःखाला त्याला तिथूनच हात घालावासा वाटला, याचं मला आजही नवल वाटतं. तूही तुझ्या तुकड्याआधी या चार तारा सावकाश वाजव. त्यांना मोकळ्या तारांचं किती वेड होतं, ते तुला ठाऊकच आहे.

आणि त्यांचं व्हायोलिन. घरचे ते पेटीत बंद करून ठेवतील. त्यांना सांग, चारही तारा एकदम काढू नका. आतला साउंडपोस्ट, म्हणजे व्हायोलिनच्या पोटातली छोटी लाकडी दांडी, चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो. ताण गेला की तारांखालची घोडी पडते आणि कधीकधी तोही आडवा होतो. तारा जराशा उतरवल्या तर चालेल. गजाचे केस मात्र सैल करायचे आणि राळेची पूड कोरड्या मऊ कापडाने पुसायची. त्यांच्या नोटेशनवरच्या पेन्सिलच्या खुणा कुणाला खोडू देऊ नकोस. कुठे कोणतं बोट, कुठे गज वर, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं वाजवून ठरवलेलं आहे. त्या पानांच्या प्रती मिळाल्या तर मलाही हव्यात.

तुकडा ठरला की रेकॉर्ड करून पाठव. गज कुठे थरथरतो ते ऐकून, कुठे बदलायचा ते आपण ठरवू.

तुझे,
सर