आधी मनगटांना विचारा

प्रश्न: ताई, नमस्कार. वय ४३, उंची पाच फूट सहा इंच, काम दिवसभर खुर्चीत बसून. आजवर २५० ते ४०० सीसीच्या गाड्या चालवल्या. आता एकदाच मोठी स्पोर्ट बाइक घ्यायची आणि निदान दहा वर्षं ठेवायची, असं ठरवलंय. यादीत होंडा फायरब्लेड, यामाहा आर१ आणि सुझुकी हायाबुसा आहेत. मित्र म्हणतात, कावासाकीची निन्जा ११००एसएक्स घे, पण ती मला अर्धवट टूरर (लांब पल्ल्याची आरामशीर गाडी) वाटते. टूरर साठीनंतर बघू. वापर म्हणाल तर रविवारी सकाळी दोन-तीन तास वळणांचा रस्ता, अधूनमधून ऑफिस आणि वर्षातून एक-दोनदा बायकोला घेऊन लांबचा प्रवास. यातली सगळ्यांत भरवशाची कोणती? आणि हो, कंबरेचं जुनं दुखणं आहे.

उत्तर: गाड्यांची नावं पत्राच्या मध्यावर आणि कंबर शेवटच्या ओळीत, तीही "आणि हो" म्हणून! मला येणाऱ्या निम्म्या पत्रांत हे असंच असतं. आपण क्रम उलटा करू. पण भरवशाचं विचारलंत, तर ते आधी उरकून टाकते.

तुम्ही नावं घेतलेल्या चारही गाड्या जपानी, चार सिलिंडरच्या. गॅरेजमध्ये अशा गाड्या येतात तेव्हा इंजिन बिघडलंय म्हणून क्वचितच येतात. बॅटरी बसलेली असते, कारण गाडी महिनोन्‌महिने उभी असते. बॅटरीला जाणारी वीज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर जळालेला असतो, त्याचा कनेक्टर वितळलेला असतो, चेन कोरडी ठणठणीत असते, ब्रेक फ्लुइड काळं पडलेलं असतं. यातल्या बहुतेक गोष्टींचा टाकीवरच्या नावाशी संबंध नाही, मालकाशी आहे. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे ठाऊक असलेले मालक मोजके.

फरक पडतो तो देखभालीच्या हिशेबात. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या झडपांमागची बारीक फट) तपासायचं अंतर सुझुकीचं २४,००० किलोमीटर आहे, आर१ चं साधारण ४०,०००. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण या कामासाठी टाकी, एअरबॉक्स, निम्मं फेअरिंग (बाहेरचं आवरण) उतरवावं लागतं आणि ती फट जुळवणारी चकती, म्हणजे शिम, बदलायची वेळ आली की बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टही काढावे लागतात. घाईत करायचं काम नव्हे हे. आता इटालियन गाड्या भरवशाच्या नसतात, असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, कुठली इटालियन? डुकाटीच्या पानिगाले व्ही४ ला डेस्मो व्हॉल्व्हची (स्प्रिंगऐवजी यंत्रणेनेच बंद होणाऱ्या) तपासणी २४,००० ला लागते, तर त्याच कंपनीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह आहेत आणि तपासणी थेट ६०,००० ला. तेव्हा ब्रँड बघून भरवसा ठरवू नका. त्या इंजिनाचं सर्व्हिसचं वेळापत्रक वाचा आणि ते काम नीट करणारा माणूस तुमच्या हाताशी आहे का, ते बघा. तसा माणूस नसेल तर उत्तमातली उत्तम गाडीही दहा वर्षं निभावणार नाही.

रिकॉलच्या बातम्यांनीही बिचकू नका. २०१५ ची आर१ गिअरबॉक्ससाठी परत बोलावली होती. कंपनीने चूक शोधून भाग बदलून दिला, तर ती गाडी नंतर चांगलीच चालते. विचारायचं ते एवढंच की या गाडीचं रिकॉलचं काम झालंय का.

आता तुमच्या वापराकडे येऊ. २०२० च्या फायरब्लेडची ताकद २१७.५ पीएस (अश्वशक्ती), तीही १४,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेतं तेव्हा. तिचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) ११३ न्यूटन-मीटर, १२,५०० आरपीएमला. तुम्ही नाक मुरडलेल्या निन्जा ११००एसएक्सची ताकद १३६ पीएस. आणि तिचा टॉर्क? तोही ११३, पण ७,६०० आरपीएमला. म्हणजे वळणातून बाहेर पडताना मनगट फिरवल्यावर जो धक्का हवा असतो, तो निन्जा पाच हजार आरपीएम आधीच देते. तेवढाच जोर फायरब्लेडकडून हवा असेल तर इंजिन किंचाळेपर्यंत चढवायला हवं, आणि तोवर पहिल्या गिअरमध्येच वेग दीडशेच्या घरात गेलेला असतो. रविवारच्या तुमच्या रस्त्यावर ती ताकद वापरायला जागाच नाही.

कंपन्यांनाही हे कळलंय. १०४३ सीसीच्या आधीच्या निन्जाची ताकद १४२ पीएस होती. इंजिन १०९९ सीसीचं करताना ती सहाने उतरवली आणि टॉर्क खालच्या आरपीएमला आणला. २०२१ च्या हायाबुसाचंही तेच झालं. १९७ ची १९० झाली, तेव्हा नुसते आकडे वाचणाऱ्यांनी गळा काढला. मधल्या आरपीएममधला जोर मात्र वाढला होता आणि आपली गाडी बहुतेक वेळ तिथेच तर चालते.

आता कंबर. स्पोर्ट बाइकच्या आरामाचा विषय निघाला की लोक सीट दाबून बघतात. सीटच्या मऊपणाने फारसं काही होत नाही. हॅंडल, सीट आणि फूटरेस्ट या तिघांमधला कोन तुमच्या सांध्यांना चालतो का, हा खरा प्रश्न. आर१ ची सीट ८५५ मिलिमीटरवर, हॅंडल खाली, फूटरेस्ट वर आणि मागे. ट्रॅकवर हे अगदी बरोबर आहे. वेग वाढला की वारा छातीला उचलून धरतो, मनगटांवरचं वजन हलकं होतं. तीच बैठक गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घेऊन बघा. वारा नाही, म्हणजे धडाचा सगळा भार तळहातांवर. त्यात घट्ट दुमडलेले गुडघे, आणि मान वर काढून बघायचं. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. आर१ वर मला पाय टेकवण्यापेक्षा मान आखडण्याचाच जास्त त्रास होतो. कंबरदुखी असलेला माणूस मांड्यांनी टाकी आवळून पोटाच्या स्नायूंवर वजन तोलू शकला, तर तासभर निभावतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना ते सहसा जमत नाही, राग मानू नका.

आणि उष्णता. हजार सीसीचं इंजिन उभ्या रहदारीत पंखा सुरू झाला की सगळी गरम हवा मांड्यांवर सोडतं. चार सिलिंडर एका ओळीत असतील तर निदान ते तुमच्या पुढे असतात. व्ही४ मध्ये सिलिंडर दोन-दोन करून व्हीच्या आकारात असतात, त्यांतली मागची जोडी जवळपास सीटखाली येते, म्हणूनच डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद ठेवते. तुम्हाला ऑफिसलाही जायचंय म्हणून सांगितलं.

वहिनींचा विचार केलाय का? फायरब्लेड आणि आर१ ची मागची सीट ही नियमापुरती असते. पंधरा मिनिटांनी त्या उतरतील आणि पुन्हा बसणार नाहीत. तेव्हा लांबच्या प्रवासासाठी यादीतली ही दोन नावं मी खोडते. एकट्याने ट्रॅकवर जायचं असतं तर पहिलं नाव फायरब्लेडचंच घेतलं असतं.

उरल्या हायाबुसा आणि निन्जा. हायाबुसाची सीट ८०० मिलिमीटरवर, म्हणजे चौघींत सगळ्यांत खाली. टाकी २० लिटरची, क्रूझ कंट्रोल आहे, सरळ रस्त्यावर ती तासन्‌तास स्थिर चालते. पण वजन २६४ किलो. धावताना ते जाणवत नाही. उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे ओढताना कंबरेला बरोब्बर जाणवतं. शिवाय टाकी लांब असल्याने हॅंडलपर्यंत पुढे वाकावंच लागतं. निन्जा २३५ किलोच्या आसपास, टाकी १९ लिटरची, हॅंडल उंच, समोरची काच हाताने वर-खाली होते, क्रूझ कंट्रोल तिलाही आहे. सीट ८३५ वर, त्यामुळे उंचीला थोडी वर वाटेल. पाच फूट सहा इंचाला पुढचे तळवे टेकतील, तेवढं पुरतं.

माझं मत निन्जा. "अर्धवट टूरर" हा शिक्का आधी चालवून मग मारा. हायाबुसावर जीव जडला असेल तर ती घेतल्याने काही बिघडणार नाही, पण एक अट पाळा. टेस्ट राइड दहा मिनिटांची चकचकीत फेरी नको. तासभर मागा, त्यात निदान वीस मिनिटं गर्दीतली हवीत, आणि थोडा वेळ वहिनी मागे हव्यात. परत आल्यावर इंजिन बंद करून गाडी स्वतः ढकलत मागे घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते ते ऐका आणि मगच पैसे भरा.

कुठलीही घेतलीत तरी पहिल्या आठवड्यात सस्पेन्शन तुमच्या वजनाला लावून घ्या. गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन ३० ते ३५ मिलिमीटर खाली बसलं पाहिजे. मागे माणूस बसणार असेल तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवायचा. कित्येक जण गाडी कडक आहे म्हणून सीट बदलतात, आणि स्प्रिंगला कधी कुणी पाना लावलेला नसतो.

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची. २०० सीसीची गाडी तीन वर्षं चालवली. आता थेट आर१ घेऊ का? ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे सगळं असतं ना.

उत्तर: असतं, आणि चांगलंही असतं. २०१५ पासून आर१ मध्ये गाडीचा कल मोजणारा सहा अक्षांचा सेन्सर आहे, त्यावरून ती घसरण आवरते. पण वळणात चुकीच्या वेगाने शिरलीस, तर त्यातून कुठलाही सेन्सर तुला बाहेर काढणार नाही. मधली पायरी घे. होंडा सीबीआर६५०आर बघ, ९५ पीएस, चार सिलिंडर, हॅंडल बेताचंच खाली. यामाहा आर७ ची ताकद त्याहून कमी आहे, पण बैठक मात्र चांगलीच झुकलेली. ताकद कमी म्हणजे आराम जास्त, असा हिशेब नसतो. दोन्हींवर बसून ठरव. आर१ कुठे पळून जात नाही.

प्रश्न: दुसऱ्या पिढीची जुनी हायाबुसा बघतोय. घेताना काय तपासू?

उत्तर: आधी मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं का, हे तुमच्यापासून लपवलं जातंय असं समजा. बॅटरीला मल्टिमीटर लावून इंजिन पाच हजारांवर धरा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत, फारच कमी किंवा जास्त असतील तर रेग्युलेटर किंवा स्टेटरवर (वीज तयार करणाऱ्या गुंडाळीवर) संशय घ्या. टायरवरच्या चार आकडी कोडमध्ये पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर कडक झालेला असतो. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओलावा नको, स्प्रॉकेटचे दात वाकलेले नकोत. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर देऊन बघा, गिअर निसटला तर तिथूनच परत फिरा.

एबीएस हवं असेल तर २०१३ किंवा त्यानंतरचं मॉडेल शोधा आणि त्या गाडीत ते खरोखर बसवलेलं आहे का, तेही बघा. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांबवलेला असेल, टर्बोच्या खुणा असतील, तर ती गाडी ड्रॅग शर्यतीत पिळून झालेली असते. मालक कितीही गोड बोलला तरी ती सोडून द्या. दुसऱ्या पिढीच्या गाड्या बऱ्याच निघाल्यात, साधी, न छेडलेली मिळते. फ्रेम नंबर देऊन रिकॉलचं काम झाल्याची खात्री अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून करून घ्या, आणि ती व्यवहार ठरायच्या आधी.