ॲपमध्ये सगळं आहे, मग परिषदेला जायचं कशाला?

प्रश्न : माझी मुलगी सध्या शिकागोमध्ये एलएल.एम. (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करते आहे. तिला पुढे कायद्याची प्राध्यापक व्हायचं आहे. जानेवारीत तिकडच्या लॉ स्कूल्सची मोठी परिषद असते, तिथे जायचं म्हणते. तिने व्हिडिओ कॉलवर परिषदेचं मोबाइल ॲप दाखवलं. त्यात वक्ते, विषय, वेळा, नकाशे सगळं आहे. मग विमान आणि हॉटेलवर लाखभर रुपये घालवायचे कशाला? तिथे नोकरी मिळते का? आधीच शिक्षणकर्ज डोक्यावर आहे. – एक पालक, सांगली

उत्तर :
सप्रेम नमस्कार.

नोकरीचं आधी सांगतो, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. नाही, तिथे नोकरी मिळत नाही. तुम्ही म्हणता ती परिषद बहुधा असोसिएशन ऑफ अमेरिकन लॉ स्कूल्सची. ही संस्था १९०० सालची आहे आणि तिची वार्षिक परिषद जानेवारीत वेगवेगळ्या शहरांत भरते. २०२४ मध्ये वॉशिंग्टनला होती, २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला. प्राध्यापकभरतीसाठी याच संस्थेची वेगळी नोंदवही असते. उमेदवार त्यात अर्ज भरतात आणि कॉलेजं त्यातून मुलाखतीला बोलावतात. तो हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो. शिवाय तिथल्या बहुतेक प्राध्यापकांकडे तिथली जे.डी. पदवी, म्हणजे वकिलीची मूळ पदवी, असते. नुसत्या एक वर्षाच्या एलएल.एम.वर तिथे कायमची जागा मिळणं फार अवघड आहे. हे कटू वाटेल, पण आत्ता कळलेलं बरं.

आता ॲप. तुमचा हिशेब अर्धा बरोबर आहे. या संस्थेचे शंभराहून जास्त विषय-विभाग आहेत, एकाच वेळी अनेक दालनांत सत्रं चालतात. ॲप नसेल तर माणूस हॉटेलच्या लिफ्टमध्येच हरवेल. पण असं ॲप सांगतं ते इतकंच, की कोण, कुठे, किती वाजता. तिथे काय बोललं गेलं ते त्यात नसतं, आणि प्रत्येक सत्राचं ध्वनिमुद्रण होतंच असंही नाही. लग्नाची पत्रिका वाचून कुणी जेवून येत नाही.

माझ्या पहिल्या परिषदेत छापील पुस्तिका होती. मी तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक सत्रावर खूण केली आणि तीन दिवस या दालनातून त्या दालनात पळत राहिलो. आज त्यातलं एकही भाषण आठवत नाही. आठवतात त्या चहाच्या रांगेत भेटलेल्या एक ग्रंथपाल बाई. पुढे वर्षभर त्या मला लेख पाठवत होत्या.

म्हणून पैसे भरण्याआधी लेकीला एक काम सांगा. कार्यक्रमपत्रिका बहुतेक वेळा नोंदणीआधीच पाहता येते. उपस्थितांची यादी आणि एकमेकांना निरोप पाठवायची सोय मात्र साधारणपणे नोंदणीनंतरच उघडते. तिने पत्रिकेतून आपल्या विषयाचे तीनच वक्ते निवडावेत, प्रत्येकाचा एकेक लेख नीट वाचावा, त्यावर एक खरा प्रश्न काढावा आणि ईमेल करावा. प्राध्यापकांचे पत्ते कॉलेजच्या संकेतस्थळावर असतातच. ‘मी येते आहे, पंधरा मिनिटं भेटाल का?’ एवढं पुरे. एकाचंही उत्तर ‘या’ असं आलं तर तिकीट काढा. तिघांकडूनही काहीच आलं नाही तर यंदा राहू द्या, लेख वाचलेले फुकट जात नाहीत. तिच्या लॉ स्कूलमध्ये प्रवासासाठी निधी मिळतो का, हेही तिने आधी विचारावं. आपली मुलं हे विचारायला लाजतात.

विषय कोणता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी तिच्या जागी असतो तर क्लिनिकल लीगल एज्युकेशनची सत्रं पाहिली असती, म्हणजे विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या पक्षकारांची कामं करत शिकायचं. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार आपल्याकडेही प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र हवं, आणि मसुदालेखन, मूट कोर्ट (सरावाचा खटला) यांसारखे प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. कागदावर. ते जीव ओतून चालवणारी माणसं कमी आहेत, आणि परत येणाऱ्या मुलीला जागा तिथे आहे. या विषयाची वेगळी परिषदही तिकडची लॉ स्कूल्सची तीच संस्था वसंत ऋतूत घेते, पण ती परीक्षांच्या तोंडावर येऊ शकते.

गेलीच, तर दिवसाला दोन सत्रं पुरेत. ॲपच्या सूचना चालू ठेवाव्यात, दालनं आयत्या वेळी बदलतात. सत्राच्या वेळा फोनच्या कॅलेंडरमध्ये हाताने टाकणार असेल तर वेळक्षेत्र पाहून टाकाव्यात. शिकागोत बसून साडेआठ टाकले, तर सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात उतरल्यावर फोन साडेसहा दाखवतो. आणि टिपणं ॲपमध्येच ठेवू नयेत. परिषद संपली की अशी ॲप्स काही दिवसांनी बंद होतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण लाखभर रुपयांपेक्षा ती मोठी आहे. भारतात शिकवायचं तर साधारणपणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागतं. परदेशातली एक वर्षाची एलएल.एम. इथल्या पदवीच्या बरोबरीची मानायची का, यावर बार कौन्सिलने २०२१ च्या सुरुवातीला नियम आणले आणि ते सर्वोच्च न्यायालयात आव्हानात गेले. त्यामुळे ‘चालतं हो’ या तोंडी आश्वासनावर राहू नका. ज्या विद्यापीठांत अर्ज करायचा विचार आहे, त्यांच्याकडून समकक्षतेचं लेखी उत्तर मागवा. नेट वर्षातून दोनदा असते, आणि डिसेंबरची परीक्षा कधीकधी जानेवारीपर्यंत लांबते. ती देणार असेल तर तारखा आधी जुळवा, आणि विमानाचं तिकीट रद्द करता येईल असंच घ्या.