नवरा नागपुरात १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे. समृद्धीवरच्या अपघातानंतर झोपत नाही, सारखा चिडतो. काय करू?

पहिले काही दिवस त्यांना त्या कॉलबद्दल खोदून विचारू नका. स्वतःहून बोलले तर फक्त ऐका, आणि झोप-जेवण सांभाळा. घटनेनंतर लगेच सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ते करू नका असंच सांगते. तिच्या २०१३ च्या सूचनांनुसार पहिल्या महिन्यात झोपेसाठी डायझेपामसारख्या गोळ्याही देऊ नयेत. नाइट ड्युटी असेल तर शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी, खोलीत पूर्ण अंधार, आणि पाच मिनिटं ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर. चिडण्यामागे बरेचदा 'उशिरा पोचलो' ही अपराधाची टोचणी असते. ती त्या कॉलवर सोबत असलेल्या डॉक्टर किंवा पायलटपाशी (म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सच्या चालकापाशी) बोलून दाखवली की हलकी होते. घरच्यांनी 'विसरून जा' म्हटलं की माणूस आणखी मिटतो.

मात्र महिना उलटूनही तीच दृश्यं, दचकणं चालू राहिलं, किंवा रोज दारू लागायला लागली, तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत न्या. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोफत आहे, रात्रीही लागतो.