पुस्तकाशी प्रामाणिक राहिलेला तुमचा आवडता चित्रपट कोणता?

कोएन बंधूंचा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७). कॉरमॅक मॅकार्थीची मूळ कादंबरी २००५ची. पुढे शेवट फुटणार आहे, पाहिला नसेल तर इथेच थांबा.

टेक्सासच्या माळरानावर शिकारीला गेलेल्या मॉसला अमली पदार्थांचा सौदा फिसकटून पडलेली प्रेतं आणि पैशांनी भरलेली बॅग सापडते. बॅग तो उचलतो आणि शिगर नावाचा मारेकरी त्याच्या मागावर निघतो. आता शेवटी दोघं समोरासमोर येणार, असं आपण धरूनच चालतो. कादंबरीत तसं घडत नाही. मॉस मरतो तो भलत्यांच्याच हातून, तेही आपल्या नजरेआड. दुसऱ्या कोणी पटकथा लिहिली असती तर पहिली दुरुस्ती इथेच झाली असती. कोएननी केली नाही. वर शेवट म्हणून या प्रकरणाच्या मागावर असलेला, आता निवृत्त झालेला शेरीफ बेल दोन स्वप्नं सांगतो, पुस्तकातलीच, आणि चित्रपट संपतो. त्यावर लोक अजून चिडतात!

शिगर नाणं उडवून समोरच्याला कौल द्यायला लावतो आणि त्यावर त्याचं जगणं-मरणं ठरवतो. पेट्रोल पंपावरच्या अशा नाणेफेकीचे संवाद जवळजवळ जसेच्या तसे आहेत, नाणंसुद्धा १९५८चंच. (मॅकार्थीने ही गोष्ट आधी पटकथा म्हणूनच लिहिली होती, तेव्हा थोडं श्रेय तिकडेही.) पण संवाद उचलणं त्यामानाने सोपं. मॅकार्थी अवतरणचिन्हं वापरत नाही, पात्रांच्या मनात काय चाललंय तेही फारसं सांगत नाही. चित्रपटात पार्श्वसंगीत नसल्यातच जमा आहे, त्यामुळे कधी घाबरायचं हे आपलं आपणच ठरवायचं. तो कोरडेपणा पडद्यावर आणणं मला जास्त अवघड वाटतं.

गाळलेलंही आहे. मॉसला वाटेत भेटणारी मुलगी चित्रपटात नाही, तिचं काही वाटत नाही. महायुद्धात साथीदारांना मागे सोडून पळाल्याची बेलच्या मनातली सल मात्र हवी होती. तिच्याविना त्याचं हताश होणं नुसतं म्हातारपण वाटतं.

आणि एक बदल मला मूळापेक्षा आवडतो. पुस्तकात मॉसची बायको कार्ला जीन शिगरच्या नाण्यावर कौल देते, हरते आणि मग म्हणते की यात नाण्याचा काही संबंध नाही, ठरवणारा तूच. चित्रपटात ती कौल द्यायलाच नकार देते आणि तेव्हा हे म्हणते. वाक्य मॅकार्थीचंच, पण हरल्यानंतर ती तक्रार वाटते. इथे शिगरकडे त्याला पटण्यासारखं उत्तर नसतं.