वजन उतरलं, पण भीती उतरंना

"मॅडम, एकतीस किलो कमी केलेत मी. सगळे विचारतात कसं केलं. मला तुम्ही एवढंच सांगा, परत वाढलं तर?"

मी लातूरला समुपदेशक आहे, माझ्याकडं येणाऱ्यांमध्ये हा प्रश्न आता दर महिन्याला एकदा तरी असतोच. जेवण बदलून, चालून, जिम लावून पंधरा-वीस-तीस किलो उतरवलेली माणसं, बायका जास्त पण पुरुषही येतात, आणि खरंतर त्यांनी खुशीत असायला पाहिजे पण समोर बसल्यावर चेहरा असा की उद्या बोर्डाचा पेपर आहे. म्हणून एका ताईंची गोष्ट लिहिते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाव घालत नाही, नुसतं ताई म्हणते.

ताई अडतीस वर्षांच्या, शाळेत शिकवतात, उंची पाच फूट एक इंच. दोन वर्षांपूर्वी वजन ९४ किलो होतं, गुडघे दुखायचे, शाळेचा जिना चढताना मध्येच थांबावं लागायचं आणि तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.२ आला. म्हणजे मधुमेह झालेला नाही पण उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह धरतात. त्यांच्या आईला शुगर होती, पायाची जखम शेवटपर्यंत भरली नव्हती, ते सगळं ताईंनी स्वतः ड्रेसिंग करत बघितलेलं. त्या रिपोर्टनंतर त्यांनी मनावर घेतलं. दोनदाच जेवायचं आणि पाऊण तास चालायचं हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळं लातूरात घराघरात माहीत आहे, ताईंनी सुरुवात तिथूनच केली, मग हळूहळू आपल्याला झेपेल तसं जमवत गेल्या. चहातली साखर बंद केली (दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे, म्हणजे बारा चमचे साखर आणि दोनशेच्या वर कॅलरी, हा हिशेब त्यांनीच मला करून दाखवला), भाजीत तेल मोजून, गाड्यावरची भजी बंद आणि पहाटे क्रीडा संकुलावर फेऱ्या. सोळा महिन्यांत ९४ चे ६३. महिन्याला दोन किलोच्या आसपास, म्हणजे अगदी शहाणपणाचा वेग. साखर ५.५ वर आली, गुडघे शांत झाले. मला मनापासून कौतुक वाटलं आणि मी ते बोलले पण, तर ताई म्हणाल्या, "कौतुक नका करू मॅडम, मला रडूच येतं."

मग त्यांनी पर्समधून वही काढली. दोनशे पानी, शाळेतल्या पोरांची असते तसली. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले, उठल्यावर, शाळेतून आल्यावर, जेवायच्या आधी, झोपताना. दिवसात चार वेळा वजन. ६३.१, ६३.४, ६२.९, असे आकडे पानंच्या पानं, आणि वाढलेला आकडा लाल पेनानं. एका ठिकाणी ६४.२ ला गोल केलेला आणि खाली लिहिलेलं, "आज काही नाही." मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाल्या त्या दिवशी काही खाल्लं नाही.

आणि काट्यावर उभं राहायच्या आधी बांगड्या काढायच्या, मंगळसूत्र काढायचं, पायातली जोडवीसुद्धा काढून डबीत ठेवायची. सासूबाईंनी एकदा ते बघितलं आणि घरात मोठं रामायण झालं, नवरा चांगला धडधाकट असताना जोडवी काढतेस म्हणून. मी सहज विचारलं, ताई, जोडव्यांचं वजन असं किती असतं? त्या लगेच म्हणाल्या, "दहा ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर करून आणलंय मी."

ते ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की आधी या भीतीचं बघायला पाहिजे, आहाराचं नंतर.

वजन ६३ वर येऊन पाच महिने झाले होते आणि तिथून हलंना. चार्टप्रमाणं त्यांच्या उंचीला ५५ पाहिजे, आपल्या भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३ च्या आत असावा म्हणतात त्या हिशेबानं ते बरोबरही आहे. त्यामुळं ताईंच्या डोक्यात काय बसलं, तर मी अजून आठ किलोनं नापास. मग एक भाकरी होती ती अर्धी केली, सकाळच्या चालण्यात संध्याकाळचंही जोडलं, दिवसाला बारा-तेरा किलोमीटर, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. केस मूठभर गळायला लागले. पाळी दोन महिने आली नाही. वर्गात पोरांवर विनाकारण ओरडायच्या आणि घरी येऊन त्याचंच वाईट वाटून घ्यायच्या.

मी त्यांना सांगितलं की बघा, डॉक्टर लोक म्हणतात वजन पाच-दहा टक्के जरी उतरलं तरी साखर, बीपी यात फरक दिसायला लागतो. अमेरिकेतला मधुमेह टाळण्याचा मोठा अभ्यास २००२ साली छापून आला, त्यात उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा एवढंच ध्येय दिलं होतं, तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुम्ही ३३ टक्के उतरवलंय ताई. ज्यासाठी हे सगळं सुरू केलं ते काम कधीच झालंय. त्या ऐकत होत्या पण पटत नव्हतं हे दिसत होतं. नुसत्या आकड्यांनी भीती जात असती तर त्या दोनशे पानी वहीनंच गेली असती.

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर आली. खूप वेळ गप्प बसून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत गुंडाळत त्या बोलल्या. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जायचं, लाईट न लावता, डबा उघडायचा, शेंगदाण्याचे लाडू असतील, शेव असेल, लेकराच्या डब्यातला उरलेला चिवडा असेल, उभ्या उभ्या खायचं, पोट दुखेपर्यंत. चव पण कळायची नाही म्हणाल्या. मग डबा होता तसा पुसून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास. आठवड्यातून दोनदा तरी. "माझ्यात काहीतरी घाण आहे मॅडम, मी हावरट आहे. दिवसभर देवासारखी राहते अन् रात्री चोरासारखी खाते."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं असं होत असेल तर जे ताईंना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. हा हावरटपणा नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा इथं ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग झाला, सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं, वजन साधारण पाव हिश्श्यानं उतरवलं. ती पोरं चिडचिडी झाली, सारखी गारठायला लागली, आणि दिवसरात्र डोक्यात जेवण. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. आणि नंतर पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांना खाणं आवरता यायचं नाही. हे मी सांगत होते तर ताई एकदम सरळ होऊन बसल्या. म्हणाल्या, "मी रोज रात्री अंथरुणात रेसिपीचे व्हिडिओ बघते. करत काहीच नाही. नुसती बघते. नवरा म्हणतो, हे काय खूळ."

त्या क्षणी त्यांचे खांदे जरा खाली आले. आपल्याला वेड लागलेलं नाही, उपाशी शरीर असंच वागतं, हे कळणं फार मोठी गोष्ट असते. ९४ किलोचं शरीर चालवायला जेवढं लागतं तेवढं ६३ किलोच्याला लागतच नाही, त्यामुळं वजन एका जागी थांबणार हे ठरलेलंच. वरून शरीर खर्चही कमी करतं आणि चरबीतून निघणारं लेप्टिन नावाचं हार्मोन घटतं म्हणून भूक वाढते. म्हणजे बाई जितकी जास्त मारून राहणार तितकं शरीर रात्री जास्त जोरात मागणार. रात्री डबा उघडायला लावतो तो सकाळचा उपास, हे मी कागदावर गोल काढून दाखवलं, उपास, भूक, डबा, लाज आणि परत उपास.

पहिलं काम मी त्यांना फिजिशियनकडं पाठवायचं केलं. पाळी चुकणं आणि केस गळणं नुसत्या बोलण्यानं बरं होत नाही आणि समुपदेशकानं तसं समजूही नये. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, थायरॉईड ठीक होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आहारतज्ज्ञांनी खाणं वाढवायला सांगितलं. वाढवायला! ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग हळूहळू बसवलं, सकाळी नाश्ता हवाच, दुपारी पूर्ण भाकरी, शाळेतून आल्यावर मूठभर फुटाणे किंवा दही, रात्री परत नीट जेवण, आणि प्रत्येक वेळी ताटात प्रथिनांचं काहीतरी, घट्ट वरण, मटकी, अंडं, सोयाबीन. (सोयाबीनचं मला नेहमी वाईट वाटतं, आपल्या लातूरभर ते पिकतं, मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि घरातल्या ताटात मात्र येत नाही.) चालणं सकाळचं तेवढंच ठेवलं आणि आठवड्यातून दोनदा घरीच भिंतीला रेटून, खुर्चीतून उठबस करून ताकदीचा व्यायाम, कारण एवढं वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पुढं वजन टिकवायला तेच कामाला येतात.

काट्याचं मात्र माझ्याकडं आलं. आम्ही ठरवलं, रविवारी सकाळी एकदाच, आणि अंगावर बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी सगळं घालून. दुसरं म्हणजे एक आकडा धरायचा नाही, ६२ ते ६६ असा पट्टा धरायचा. मीठ जास्त पडलं, पाळी जवळ आली, रात्री उशिरा जेवलं की एक-दीड किलो इकडंतिकडं होतंच, ते पाणी असतं. एका दिवसात किलोभर चरबी चढवायची तर गरजेपेक्षा सात हजारांच्या वर कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, म्हणजे पुरणपोळ्यांची रासच संपवावी लागेल. चार आठवडे सलग ६६ च्या वर राहिलं तरच आपण बसून बघायचं काय बदललंय ते, उपास करायचा नाही. पहिले दोन-तीन आठवडे ताईंना हे फार जड गेलं, नवऱ्याला काटा कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितला होता आणि बुधवारी त्याच्याकडं किल्लीसाठी रडल्या. त्यानं दिली नाही, आणि भांडला पण नाही, सोबत चहा पीत बसला. मला त्या माणसाचं फार बरं वाटलं.

सासूबाईंना एकदा बोलवलं. माझा अंदाज होता की टोमणे मारणारी सासू येईल. त्या आल्या, खुर्चीवर न बसता आधी खालीच बसायला निघाल्या, आणि म्हणाल्या, "पोरगी वाळून चालली ओ. लोकं म्हणायलेत सुनंला उपाशी मारायलाव आम्ही." मग बोलता बोलता बहात्तरच्या दुष्काळावर आल्या. तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या, आईबरोबर खडी फोडायला जायच्या, मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्यांची धाकटी बहीण त्यात गेली. त्यांच्या डोळ्याला गळ्याची हाडं वर आलेली बाई म्हणजे तेच साल दिसतं. ताईंनी हे लग्नाला चौदा वर्षं झाली तरी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून "खा ना गं" या शब्दांवर ताई कमी चिडायला लागल्या आणि सासूबाईंनीही साखरेचा रिपोर्ट माझ्याकडून समजावून घेतला, ६.२ चं ५.५ झालं म्हणजे काय ते. नातेवाईकांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे, कुणाचं वजन उतरलेलं दिसलं की भर लग्नात "काय आजारीबिजारी हायस का" किंवा "अजून थोडं कमी कर" यातलं काहीच बोलू नका.

आदल्या वर्षी येळवसला (वेळ अमावस्येला, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा आमच्याकडचा सण) ताई डोकं दुखतंय म्हणून घरीच थांबल्या होत्या. लातूरकरांना सांगायला नको, त्या दिवशी अख्खं शहर शेतात असतं, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि ही बाई बंद घरात एकटी, कारण भज्जीत (त्या दिवशीची मिसळीची भाजी) किती तेल असेल ते माहीत नाही. यंदा गेल्या. कडब्याच्या कोपीपुढं पंगतीत बसून भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर, सगळं थोडं थोडं घेतलं, सासूबाईंनी दुसऱ्यांदा खीर वाढायला डाव उचलला तेव्हा "आत्या, बास, पोट भरलं" म्हणाल्या आणि सासूबाईंनी डाव परत पातेल्यात ठेवला. मला सांगताना ताई हसत होत्या. पुढच्या रविवारी काटा ६४.९ दाखवत होता. हात थरथरले म्हणाल्या, पण वहीत निळ्या पेनानंच लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी ६३.८.

तुमचं किंवा घरात कुणाचं असं लपून खाणं, मग उपास, पाळी चुकणं, चक्कर येणं, आरशात बघवत नाही असं चाललं असेल तर लाजू नका, डॉक्टर आणि समुपदेशक दोघांनाही गाठा. लगेच कुणी भेटत नसेल तर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

ताई आता दोन महिन्यांतून एकदा येतात. पाळी सुरळीत झाली, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलंय, केसांना वेळ लागतोय. भीती पूर्ण गेली असं त्या म्हणत नाहीत आणि मीही विचारत नाही. गेल्या चार महिन्यांत रात्रीचं ते खाणं दोनदा झालं. दोन्ही वेळा त्यांनी सकाळी उठून कांदा चिरला, मुरमुरे भिजवले आणि सगळ्यांबरोबर बसून बशीभर सुशीला खाऊन शाळेला गेल्या.