पुण्यात स्वतःची भट्टी नसताना सिरॅमिक कलाकाराला वाव आहे का?

वाव आहे. भट्टीत पैसे अडकवण्याआधी एखाद्या स्टुडिओच्या भट्टीत जागेचे भाडे देऊन भाजणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. मात्र स्टोनवेअर (कठीण, घट्ट भाजलेली मातीची भांडी) साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजले जाते आणि त्या तापमानाला ओघळलेले ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) भट्टीच्या फळीला, कधी शेजाऱ्याच्या भांड्यालाही चिकटते. म्हणून नवे ग्लेझ आधी छोट्या तुकड्यावर तपासून घ्यावे आणि भांड्याचे बूड ओल्या स्पंजने स्वच्छ पुसावे. ही शिस्त पाळणाऱ्याला पुढच्या भाजणीचे बोलावणे आपोआप येते, आणि भट्टी भरता-उतरवताना झालेल्या ओळखी, माझ्या मते, प्रदर्शनातल्या ओळखींपेक्षा अधिक टिकतात.

कप-वाट्यांच्या विक्रीसाठी भीमथडी जत्रेसारखी ठिकाणे पाहावीत. शिल्परूप काम असेल तर नजर पुण्याबाहेरही ठेवावी लागते: भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकीचे पहिले प्रदर्शन २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरले होते. चाकावरचा हात सुधारायचा असल्यास मात्र लांब जाण्याची गरज नाही. मुंढवा-केशवनगरच्या कुंभारांकडे, त्यांचा गणपती-दिवाळीचा हंगाम टाळून, विनंती करून पाहावी.