शब्द सुचवणारी पट्टी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. बातम्या आता फोनवरच लिहितेस, आणि अर्धं वाक्य होतं न होतं तोच पुढचा शब्द पट्टीवर हजर असतो. 'तो घेतला तर काय बिघडलं, काका?' असं तू विचारलंयस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण या प्रश्नात माझं सगळं आयुष्य गेलं. म्हणून सावकाश लिहितो.

मी १९७४ साली सोलापुरातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. समोर खिळे ठेवायच्या चार केसा, म्हणजे उथळ पेट्या, प्रत्येकीत बारीक बारीक खण. मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळ्यांचे खिळे वेगळे. एखादं जोडाक्षर संपलं की उस्तादांचं सांगणं ठरलेलं असे : अक्षराचा पाय मोड, म्हणजे खाली हलन्ताची खूण दे, आणि पुढे जा. तेही जमलं नाही तर अख्खं अक्षर बसवायचं. 'वाङ्मय'चं 'वाङमय' मी स्वतः कितीदा केलंय! आज कुणी हातानं लिहितानासुद्धा 'वाङमय' लिहिलं की मला केसेतला तो रिकामा खण दिसतो.

एक प्रसंग मात्र अजून टोचतो. एका गावात पूर आला होता. बातमीदारानं मथळा दिला, 'शेकडो संसार उद्ध्वस्त'. मथळ्याच्या मोठ्या टाइपात 'द्ध्व' नव्हता. रात्रीचे अकरा वाजलेले. संपादकांनी मथळा बदलून दिला, 'शेकडो घरे जमीनदोस्त', आणि मी तो निमूट जुळवला. घरं तर उभी होती. आतलं धान्य, कपडे, पोरांची दप्तरं गेली होती. दुसऱ्या दिवशी त्या गावचा एक माणूस छापखान्यात आला आणि म्हणाला, पंचनाम्याला आलेले लोक घरं उभी बघून परत जायच्या गोष्टी करतायत, तुमच्या पेपरात तर पडली म्हणून लिहिलंय. खोटं बोलायचं कुणाच्याच मनात नव्हतं. नव्हता तो फक्त एक खिळा.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की लिहायचं प्रत्येक साधन काही गोष्टी स्वस्त करतं आणि काही महाग, आणि आपण नकळत स्वस्ताकडे झुकतो.

हे माझ्या छापखान्यापुरतं नाही. आपल्या भाषेचंच बघ. कारभाराचं मराठी शेकडो वर्षं मोडी या जलद लिहायच्या लिपीत लिहिलं गेलं. आधी शिरोरेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता बोरू पळवायचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास पाळतच नसत. शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही. 'येऊन', 'करून', 'पाहून' असं म्हणत मजकूर नदीसारखा पुढे जायचा. मग छपाई आली. इंग्रज मिशनरी विल्यम केरींनी बंगालमधल्या सेरामपूरला मोडीचे खिळे पाडून १८१० मध्ये मराठी कोश छापला, पण एकमेकांत गुंतलेली ती वळणं सुट्या खिळ्यांत सहज मावणारी नव्हती. छापील मराठी बालबोधीवर, म्हणजे आपल्या आजच्या देवनागरीवर, स्थिरावली. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं तेही बालबोधीत. मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली. आता वाक्याला शेवट आला. शेवट आला म्हणजे विचाराचे तुकडे पडले, 'कारण', 'परंतु', 'म्हणून' यांनी ते सांधायची सवय लागली. आज तुला जे स्वच्छ, मुद्देसूद गद्य वाटतं त्यात खिळ्यांचा आणि पूर्णविरामाचा केवढा वाटा आहे! आणि ज्या ऱ्हस्व-दीर्घाशिवाय दौलतींचा कारभार चालला, त्यावरून माणसाला अडाणी ठरवायची रीतही छापील पुस्तकाबरोबरच घट्ट झाली.

मला मोडी गेल्याचं दुःख आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद पडून आहेत आणि ते वाचणारे थोडे. तरीही तो सौदा मी नाकारला नसता. छपाईनं ज्यांना अक्षराजवळ फिरकू दिलं जात नव्हतं त्यांच्या हातात पुस्तक दिलं. सौदा होतोय एवढं मात्र त्या वेळी कुणी कुणाला सांगितलं नाही. तुला ते आधी कळावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

संगणकाची गोष्ट थोडक्यात सांगतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना पगार द्यायचा. हा भेद ज्या अक्षरावर उभा आहे तो 'ऱ', म्हणजे नुक्ता असलेला र, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार लिहिण्यासाठी होता. आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र त्याच्याच आधारानं उभा राहतो. 'ॲ' या अक्षराला तर स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीचा मजकूर 'अ'वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक लिहिलं की दुसरं सापडेलच असं नाही. जुन्या बातम्या शोधशील तेव्हा दोन्ही प्रकारे शोध. लोक 'ही बातमी कधी आलीच नाही' असं छातीठोकपणे सांगतात आणि ती तिथंच पडलेली असते.

आता तुझी पट्टी. गेल्या आठवड्यात तू ऊसतोड कामगार बाईंची बातमी पाठवलीस. चांगली आहे. तिच्यात त्या म्हणतात, 'कर्ज फेडता येत नाही.' मी तुला फोन करून विचारलं, बाई नेमकं काय बोलल्या? तू वही काढून वाचलंस, 'उचल फिटंना.' मग 'कर्ज' कुठून आलं, तर पट्टीवरून.

पोरी, उचल म्हणजे कर्ज नव्हे. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, पैसे देतो. ते पैशानं फेडायचे नसतात, ऊस तोडून फेडायचे असतात. बाळंतपण आलं, ताप आला तरी खाडा अंगावर पडतो. फिटली नाही तर ती उचल पुढच्या हंगामाला माणसाला परत त्याच फडात ओढून आणते. कर्ज म्हटलं की वाचणाऱ्याला बँक आठवते, हप्ता आठवतो, कर्जमाफी आठवते. उचल म्हटलं की त्या बाईंचं अडकलेलं शरीर दिसतं. तू एक शब्द घेतलास आणि बातमीचा विषय बदलला. पुराच्या मथळ्यात माझ्या हातून झालं तेच.

पट्टीचा यात दुष्टपणा नाही. आजवर लिहिल्या गेलेल्या मजकुरात ज्या शब्दांमागून जे शब्द जास्त वेळा आले, ते ती पुढे करते. तो मजकूर कुणी लिहिला? पेपरवाल्यांनी, कचेऱ्यांनी, आपल्यासारख्या शिकलेल्यांनी. फडातल्या बाईंचं बोलणं त्यात फारसं कुणी लिहून ठेवलेलंच नाही. मग ते तुला सुचणार कसं? ते आता तूच लिहायचं आहेस.

म्हणून एवढं कर. वहीत माणसाचं वाक्य जसंच्या तसं उतरव, 'फिटंना' तर 'फिटंना'. पहिला खर्डा पट्टी बंद ठेवून लिही. घाई असेल तर मथळा आणि माणसांच्या तोंडची वाक्यं तरी बंद ठेवूनच. सावकाश होईल, चिडचिड होईल, होऊ दे. नंतर शुद्धलेखनासाठी खुशाल चालू कर. मीही करतो, डोळे आता साथ देत नाहीत. आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरीत टाइप करायची कळांची मांडणी, शीक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, महिन्याभरात बोटांत बसतं. रोमनमधून मराठी लिहिताना 'mala' असं टाकलं की 'मला' की 'माळा' ते दुसरं कुणीतरी ठरवतं.

बातमीत दुरुस्ती करून पुन्हा छापायला तुमचे संपादक तयार आहेत का, ते विचार. नसतील तर त्या बाईंवर दुसरी बातमी कर, 'उचल' या शब्दापासून सुरू होणारी.

आणि आजीच्या ट्रंकेत मोडीतला कागद सापडला म्हणतेस, तो घेऊन रविवारी ये. मी दोन वर्षं झाली मोडी शिकतोय, अजून अडखळतो. पण कागदाच्या माथ्यावर 'श्री' असेल, तिथून सुरुवात करू. भिंग माझ्याकडे आहे.

तुझे,
काका